मुनीमजींचं पथ्य

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या शारदाबाई पाठक म्हणजे मोठं ठाम प्रकरण. गल्लीत भांडण लागलं की लोक आधी बाईंच्या दाराकडे बघायचे, कारण निकाल तिथूनच यायचा. मुलींच्या मराठी शाळेत त्या चौथीला शिकवत. नाकावर माशी बसू देत नसत. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांनी उभ्या जन्मात उच्चारलं असेल, तर ते व्याकरणातलं उदाहरण म्हणूनच.

घरात त्या आणि मुनीमजी. मुनीमजी म्हणजे बोका. बाईंचे यजमान दत्तोपंत शनवाऱ्यात एका कापसाच्या पेढीवर हिशेब बघायचे आणि हा तिथे त्यांच्याशेजारी, पुढचे पंजे पोटाखाली घेऊन, गादीवर दिवसभर बसलेला असायचा. दत्तोपंत तापाने गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि त्या संध्याकाळी हा आपणहून ओसरीवर येऊन बसला. “आता तुझं काय काम इथे?” म्हणून बाई त्याच्यावर खेकसल्या. मग आत गेल्या आणि त्यांनी ताकभात कालवला. तेव्हापासून तो इथलाच.

आणि लाड तरी किती! सकाळी ताकभात, दुपारी दुधात कुस्करलेली पोळी, संध्याकाळी बाई शाळेतून येताना हलवायाकडून मावा जलेबी आणायच्या, त्यातला अर्धा वाटा त्याचा. सणावारी रवा-तुपाचा गोड दराबा केला तर पहिली वाटी नैवेद्याला आणि दुसरी मुनीमजींना. बोका असा तुंदिलतनू झाला होता, की ओसरीवरून उतरताना आधी पोट उतरायचं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांची नव्याने मांडामांड झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशातच राहिलं, राजधानी भोपाळला झाली. आमची तापी होती तिथेच होती, बदलले ते साहेबलोक. अकोल्याकडचे अकोल्याला गेले आणि रीवा-सतन्याकडचे इकडे आले. बाईंच्या शाळेतही हिंदीचे तास वाढले. बाकीच्या शिक्षिका धास्तावल्या. बाई कसल्या धास्तावतात!

“हिंदीला काय घाबरायचं?” त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. “मराठी शब्दाला एक काना लावा, झाली हिंदी. चूल म्हणजे चूल्हा. केळ म्हणजे केला. आणखी काय पाहिजे?”

बाईंनी म्हटलं म्हणजे झालंच. कोणी हूं की चूं केलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, मुनीमजींना तहान लागायला लागली. साधीसुधी नव्हे. मोरीतली बादली, तुळशीचं आळं, निर्मलाबाईंच्या दारातली गाईची कुंडी, दिसेल तिथे हा तोंड घालायचा. निर्मलाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण. जितकं पाणी आत, तितकंच बाहेर. त्याच्यासाठी कोपऱ्यात राखेचं घमेलं ठेवलेलं असायचं, त्याचा दोन वेळा चिखल होऊ लागला. खायचा दुप्पट आणि तरी पाठीचा कणा वर आला. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला तेव्हा मात्र बाई उठल्या. टोपलीत घातला, वर फडकं बांधलं आणि निघाल्या ढोरांच्या दवाखान्यात.

तिथे नवे डॉक्टर आले होते, रीव्याकडचे. नाव गजराजसिंह बघेल. नावाला शोभेल असा धिप्पाड माणूस, पण स्वभावाने गरीब. बाई पोचल्या तेव्हा त्यांचा एक हात कोपरापर्यंत म्हशीच्या पोटात होता. तो काढून, धुऊन त्यांनी मुनीमजींना हातात घेतलं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

“गुर्दे पर असर लगता है,” ते म्हणाले. “पानी जितना पिए, पीने दो. मीठा खाता है?”

आता बाईंच्या कानांनी काय ऐकलं? मीठ खातो का, हे ऐकलं.

“ताकभातात चिमूटभर,” त्या म्हणाल्या. म्हैस नेमकी तेव्हाच हंबरली आणि डॉक्टरांपर्यंत ‘चिमूटभर’ एवढंच पोचलं.

“वो भी बंद. मीठा बिल्कुल बंद. और इसका पेशाब ले आइए, जाँच करके पक्का बताएँगे.”

बाईंना सगळं पटलं. मूत्रपिंडाच्या आजारात मीठ वर्ज्य, हे तर त्या स्वतः आरोग्याच्या तासाला मुलींकडून घोकून घ्यायच्या. माणूस हुशार दिसतो, असा शेराही त्यांनी मनातल्या मनात मारला. राहता राहिलं ते लघवीचं. बोक्याचं मूत बाटलीत भरून गावातून मिरवायचं? कशाला? रोग कळला, उपाय कळला, आणखी काय तपासायचंय? तो भाग त्यांनी सोडून दिला.

पथ्य मात्र बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाळलं. मिठाचा कण नाही. अळणी ताकभात मुनीमजींनी हुंगला आणि सरळ पाठ फिरवली. मग बाईंचा जीव कळवळला. मीठ गेलं बिचाऱ्याचं, निदान गोड तरी खाऊ दे! ताकभात बंद झाला, दूधभात आला, त्यात साखर आली. जलेबीतला अर्धा वाटा होता, तो आता अख्खा झाला. मुनीमजी बशी चाटून पुसून ठेवायचे आणि बाईंना वाटायचं, पथ्य मानवतंय.

मानवत कसलंय! दिवसागणिक तो खंगत चालला. केस विस्कटले, डोळे खोल गेले. बाई शाळेतून आल्या की पूर्वी दाराशी येऊन उभा राहायचा, आता पडल्या जागेवरून नुसती मान उचलायचा. एक दिवस निर्मलाबाई भिंतीवरून डोकावल्या.

“बाई, तुमच्या बोक्याच्या राखेला मुंग्यांची लाइन लागलीय. जरा सोचून पाहा, काहीतरी गडबड आहे.”

“साखर सांडली असेल,” बाई म्हणाल्या. त्यांनी घमेलं झाडलं, नवी राख घातली. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा हजर.

आणि मग तो हिंदीचा तास आला. बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘आम बहुत मीठा है’, आणि मुलींना मराठी करायला सांगितलं. पहिल्या बाकावरची मालती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आंब्यात फार मीठ आहे.”

वर्ग खदखदून हसला. बाई कडाडल्या, “अगं, मीठ नव्हे! मीठा! मीठा म्हणजे गो...”

शब्द तोंडातच राहिला. बाईंच्या हातातला खडू खाली पडला. राखेतल्या मुंग्या, दूधभातातली साखर, अख्खी जलेबी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. अरे देवा, मी माझ्या हाताने त्याला विष घालतेय! शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेला दोन शब्द सांगून बाई भर तासाला शाळेतून बाहेर पडल्या. असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी घमेल्यातली राख फेकली आणि तापीची धुतलेली वाळू, चांगली हरभऱ्याएवढ्या खड्यांची, त्यात पसरली. खड्यांनी काही शोषलं नाही. तळाशी साचलं ते बाटलीत भरून, दुसऱ्या हातात टोपली घेऊन, बाई गावातून ताठ मानेने दवाखान्यात गेल्या. कोण बघतंय याची त्यांना आता फिकीर नव्हती.

डॉक्टरांनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत निळं औषध होतं, त्यात बाटलीतले थेंब टाकून त्यांनी ती दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि बघता बघता विटेसारखं लाल. दुसऱ्या नळीत नुसतीच लघवी उकळली, तर तिच्यात पांढरट ढग उठला.

“ये लाल, ये शक्कर. मधुमेह है. और ये सफेदी, ये गुर्दे की खराबी.” डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “मैंने कहा था न, मीठा बंद?”

“आणि मी मीठ बंद केलं,” बाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा खाली आला नाही, पण पदराचं टोक त्यांच्या मुठीत चुरगळलं होतं. “मराठीत मीठ म्हणजे तुमचं नमक, डॉक्टरसाहेब. आम्ही ते बंद केलं आणि वरून साखर चारली.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

“अरे राम! तो वो धूलकोटवाला किसान, दगा नाम का... उसके बैल को मैंने मीठा तेल, यानी तिल का तेल, पिलाने को कहा था!”

“त्याने तेलात मीठ कालवून पाजलं असणार.”

“बैल तो ठीक हो गया,” डॉक्टर पुटपुटले.

“मग राहू द्या. त्याला काही सांगू नका.”

दोघंही हसले, पण हसू फार टिकलं नाही. टोपलीत मुनीमजी धापा टाकत होते. डॉक्टर गंभीर झाले आणि हिंदीत, पण एकेक शब्द सुटा करून बोलू लागले, बाईंना नीट समजावं म्हणून. मीठ बंद केलंत ते चांगलंच झालं, ते गुर्द्यांसाठी बंदच ठेवा. आता मीठाही बंद. साखर, भात, पोळी, दूध, मावा, सगळं बंद. माणसांना देतात ती इन्सुलिनची सुई आहे, पण या वितभर जिवाला थेंब जास्त झाला तर हातातच जाईल. त्याआधी अन्नाने उतरतंय का पाहू. मांजराचं खरं अन्न मांस. ताजी मासळी द्या, उकडून, काटे काढून, उकडलेल्या पाण्यासकट, म्हणजे पाणीही पोटात जाईल. एका वेळी थोडी, पण दिवसातून चार वेळा. ढीगभर घालू नका, गुर्द्यांना झेपणार नाही. आणि उपाशी मुळीच ठेवू नका.

“दो दिन मुँह नहीं लगाया, तो फिर हम भी कुछ नहीं कर पाएँगे,” ते म्हणाले.

मासळी! पाठकांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. पण बाईंनी रस्त्यातच निकाल देऊन टाकला आणि टोपलीसकट तशाच राजघाटावर गेल्या. तिथे उखर्डू भोई जाळं झटकत बसला होता. त्याची मुलगी बाईंच्या हाताखाली शिकली होती, तो धडपडत उठला.

“बाई, तुमी? तुमले मासा पायजे?”

“मला नाही. याला.” बाईंनी टोपलीचं फडकं उचललं. “लहान, ताजा, रोज सकाळी. खारवलेला अजिबात नको.”

“रोज? अन् घरी आनू? राजपुऱ्यात? लोक काय म्हनतीन?”

“लोकांचं मी बघते. तू मासा बघ.”

लोक काय म्हणतील ते दुसऱ्याच सकाळी कळलं. बाईंनी अंगणात तीन विटांची वेगळी चूल मांडली, जुनं पातेलं चढवलं, आणि वास भिंतीपलीकडे गेला मात्र, निर्मलाबाई पदर नाकाला लावून हजर.

“अहो बाई, हे काय आरंभलंय? ब्राह्मणाच्या अंगणात!”

“माझी मुंज झालेली नाही आणि मुनीमजींची तर नाहीच नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या गाईच्या कुंडीत तोंड घालतो म्हणून ओरडत होता ना? तो आता घरचं पाणी पितोय. जा, नाक धरून पोळ्या करा.”

निर्मलाबाई गेल्या. पण खरी पंचाईत पुढे होती. बाईंनी चिमट्याने मासा बशीत काढला, काड्यांनी कसेबसे काटे उपसले, स्वतःचं नाक धरून बशी मुनीमजींपुढे सरकवली आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. मुनीमजींनी हुंगलं. बाईंकडे पाहिलं. आणि पाठ फिरवली.

म्हणजे बघा! बोक्याची जात आणि मासा नको! जन्म गेला गादीवर आणि ताकभातावर, त्याला मासा हे अन्न आहे हेच ठाऊक नव्हतं. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. बाईंनी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, बशी बदलली, जागा बदलली. मुनीमजी उठून दुधाच्या कपाटाशी जायचे आणि तिथेच कोरड्या आवाजात एकदा ओरडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओरडणंही थांबलं. वाळूच्या घमेल्याजवळ तो कुशीवर पडून होता, आणि बाईंनी हाक मारली तर नुसता कान हलला.

चमचाभर दूधभात घातला तर खाईल. आज तरी खाईल. बाईंनी कपाट उघडलं, पातेली बाहेर काढली, हातात धरली. विटेसारखी लाल झालेली ती नळी त्यांना आठवली. मग त्यांनी पातेली आत ठेवली, कपाट लावलं, आणि अंगणात जाऊन चुलीपाशी फतकल मारून बसल्या. चिमटा नाही, काड्या नाहीत. उकडलेला मासा त्यांनी डाव्या तळहातावर घेतला आणि उजव्या हाताच्या बोटांनी काटे काढायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या कोणाला तरी शिव्या देत होत्या. बहुधा दत्तोपंतांना. “तुम्ही गेलात आणि हे ध्यान माझ्या गळ्यात टाकलंत! आता बघा, तुमची बायको काय करतेय ते बघा!”

तसाच माखलेला हात त्यांनी मुनीमजींच्या तोंडाशी नेला.

“खा. माझी चूक आहे, मान्य. पण खा. खा रे बाबा.”

बोक्याने बोटं हुंगली. ती बोटं त्याच्या ओळखीची होती, रोजचा ताकभात त्याच बोटांनी कालवला जायचा. त्याची खरखरीत जीभ एकदा बोटावरून फिरली. पुन्हा फिरली. मग त्याने तळहातावरचा एक तुकडा उचलला, मान वाकडी करून चावला आणि दुसऱ्यासाठी तोंड पुढे केलं. बाई हलल्यासुद्धा नाहीत. हात अवघडून मुंग्या आल्या तरी तशाच बसून राहिल्या, तळहात रिकामा होईपर्यंत.

त्या दिवसापासून हा नेमच पडला. बशीतला मासा मुनीमजी बघायचेसुद्धा नाहीत, तळहातावरचा खायचे. बाई पहाटे एकदा, शाळेला जाण्याआधी एकदा, मधल्या सुट्टीत घरी धावत येऊन एकदा आणि दिवेलागणीला एकदा काटे काढायच्या. हाताला लिंबू चोळायच्या आणि मग चौथीच्या मुलींना शुद्धलेखन घालायच्या. घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या मांडल्या होत्या, कारण जेवणाच्या जागी ठेवलेलं पाणी त्याला आवडत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. जलेबीवाल्याच्या दुकानावरून त्या मान न वळवता जायच्या. हिंदीच्या बाबतीत मात्र त्यांनी कानाला खडा लावून घेतला. रोज संध्याकाळी शब्दकोश उघडून बसायच्या आणि उद्याच्या धड्यातला शब्द न शब्द पाहायच्या.

होळीच्या आधी पुन्हा वाळूखाली साचलेलं बाटलीत भरलं गेलं. टोपली या वेळी जड होती, वाटेत दोनदा हात बदलावा लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली आणि बाईंनी श्वास. निळं औषध उकळलं. उकळत राहिलं. निळ्याचं हिरवं होईल, मग पिवळं, मग लाल. बाईंचे डोळे काचेला चिकटून राहिले होते. डॉक्टरांनी नळी दिव्यावरून काढली, उजेडात धरली. निळीच्या निळी.

“शक्कर गई,” डॉक्टर म्हणाले. त्यांचाच चेहरा परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा झाला होता. “सुई की कोई जरूरत नहीं.”

मग त्यांनी दुसरी नळी उकळली. तिच्यात ढग उठला. पहिल्यापेक्षा विरळ, पण उठला. डॉक्टर थोडा वेळ ती नळी हलवत राहिले.

“ये नहीं जाएगा, बाईजी. गुर्दे का जो गया, वो वापस नहीं आता. ऐसे ही सँभालेंगी तो दो साल, तीन साल निकाल लेगा. लेकिन रोज. एक दिन की भी छुट्टी नहीं. और आखिर में...” त्यांनी नळी खाली ठेवली. “एक बिल्ले के लिए इतना आप कर पाएँगी?”

बाई मुनीमजींकडे बघत होत्या. तो टेबलावर बसून आपला पंजा चाटत होता, अगदी निवांत. बाईंनी उत्तर हिंदीतच द्यायचं ठरवलं. शब्द मनात जुळवले, आणि कधी नव्हे तो त्यांचा आवाज मध्येच फाटला.

“डॉक्टरसाहब, घर को जाने का टाइम होता है ना, तो हमको वहाँ कोई राह देखनेवाला होना. इतनाच होना. बाकी हम कर लेंगे.”

डॉक्टरांनी मुनीमजींना दोन्ही हातांनी उचलून टोपलीत ठेवलं आणि फडक्याची गाठ स्वतः बांधली. बाईंनी डोळे पुसले, टोपली कमरेवर घेतली आणि उद्याची मासळी सांगायला राजघाटाकडे निघाल्या.